मानमोडीला मी एसटीत बसवलं

चार दिवसांसाठी म्हणून गेले होते, सोळाव्या दिवशी चिपळूणला परत आले. शेजारच्या वहिनी विचारतात, "एवढं काय हो पाहण्यासारखं होतं दौंड-शिरूरकडे?" आता काय सांगू त्यांना? देऊळ पाहिलं नाही, किल्ला पाहिला नाही. सोळातले बारा दिवस कांदे साठवायच्या एका रिकाम्या चाळीपाशी चार कोंबड्यांबरोबर काढले आणि त्या कोंबड्या तिथे नेल्याही मीच. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई मी! ऐकणारे हसतात. हसू देत बापडे. निभावलं म्हणून आज लिहायला बसले आहे.

खुटबाव

विमल आणि मी वीस वर्षं एकाच शाळेत होतो. निवृत्त झाल्यावर ती नवऱ्याच्या गावी, खुटबावला, घर बांधून राहिली आणि दर जानेवारीत फोन करायची, "कुंदा, हुरड्याला ये." यंदा गेले. बेत असा होता, की दोन दिवस विमलकडे, एक दिवस तिच्या नणंदेकडे शिरूर तालुक्यात, आणि शेवटचा दिवस शिरूरला मंजिरीकडे. मंजिरी माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिथे जनावरांची डॉक्टर आहे.

विमलच्या घरात शिरलं की समोर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खुर्चीत तिची सासू. घरात आणि गावातही त्यांना जिजी म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, दात चार, जीभ धारदार. "जयभीम" म्हणून टेकते न टेकते तोच त्यांनी मला तपासायला घेतलं.

"घाटाखालच्या न्हवं तुमी? नुसता भात खाऊन मानसाला ताकद कुठनं येनार वो?"

"जिजी, त्याच भातावर एकतीस वर्षं पोरांना बडवलंय मी."

"मंग पोरंबी भातच खानारी आसत्याल," जिजी म्हणाल्या, आणि त्या क्षणी आमचं जमलं.

हुरडा शेतात बसून खाल्ला. आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. तळहात भाजले, तरी थांबवेना. संध्याकाळी जिजींनी हुलग्याचं माडगं करायला लावलं. पहिला घोट घेतला आणि म्हटलं, अरे, हे तर आमचे कुळीथ! आम्ही त्याची तिखट पिठी करून भातावर ओढतो, हे लोक गूळ घालून वाटीने पितात. विमल वीस वर्षं माझ्या डब्यातली पिठी खात होती, पण हुलगे म्हणजेच कुळीथ हे तिने मला एकदाही सांगितलं नाही. यावरून आम्ही भांडलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पाटसकडे गेलो. गाळपाचे दिवस, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. वरवंडजवळ एक ट्रॉली मंदावली, तशी माजी मुख्याध्यापिका विमल, वय एकसष्ट, पदर खोचून धावली आणि तिने मागून एक ऊस ओढला. ड्रायव्हरने आरशात पाहून हॉर्न दिला. "लहानपणापासून राहिलं होतं," विमल धापा टाकत म्हणाली. तो ऊस आम्ही दोघींनी रस्त्याकडेला दातांनी सोलून खाल्ला आणि माझ्या दाढेची चांदी निघून आली.

परत आलो तर जिजी अंगणात. शेजारच्या घराच्या भिंतीला एक कोंबडी पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली दिसली. मी आपलं ज्ञान पाजळलं, "खुडूक दिसते, अंड्यांवर बसायला आलेली."

जिजींनी एकदा कोंबडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "व्हय," त्या म्हणाल्या, "खुडूकच हाय."

चौफुला ते न्हावरे

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना जिजींनी माझ्यापुढे बांबूचं डालगं ठेवलं. वर फडकं बांधलेलं, आत चार तलंगा. तलंग म्हणजे अंड्यावर यायला टेकलेली तरणी कोंबडी.

"सिंधूला द्या. म्हनावं, आईनं धाडल्यात. निवडून काढल्यात चारीबी."

विमलची नणंद, म्हणजे जिजींची लेक, ती ही सिंधू. मला भरून आलं. आमच्याकडे माहेरहून फणस येतो, आंब्याची पेटी येते, इथे जिवंत कोंबड्या येतात. किती हो प्रेम, असं मनात म्हणत मी ते डालगं उराशी धरून चौफुल्याला एसटीत चढले.

"मावशी, कोंबड्याचं अर्धं तिकीट पडतंय," कंडक्टर म्हणाला.

"ह्या पाच वर्षांच्या आतल्या आहेत."

सगळी गाडी हसली. शेजारी पांढऱ्या पँटीतला एक गृहस्थ बसला होता. पारगावचा पूल आला, खाली भीमेचं पाणी आणि त्यावर हिरवीगार जलपर्णी. ती पाहायला मी वाकले, डालगं कललं, आणि एका तलंगेने फडक्याच्या फटीतून त्या पँटीवर आपला कार्यभाग उरकला. हिरवट, पातळ. मी शरमेने लाल झाले.

"ऱ्हाऊंद्या, मावशी. शकुन हाय ह्यो. सोसायटीला उभा हाय म्या," असं म्हणून त्याने मला आपल्या प्रचाराचं पत्रक दिलं. त्याच पत्रकाने मी त्याची पँट पुसू लागले तेव्हा मात्र तो थोडा नाराज झाला. दुसरं एक पत्रक देऊन म्हणाला, हे जपून ठेवा.

सिंधूताईंची वस्ती

न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्यापासून आत अर्धा मैल, ज्वारीच्या शेतांत पाच-सहा घरांची वस्ती. सिंधूताई पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की बांधाच्या पलीकडच्या माणसाला फोन करावा लागत नाही. मालक कंपनीत पाळीवर जातात, त्यामुळे दिवसभर राज्य त्यांचं आणि त्यांच्या कोंबड्यांचं. सदतीस गावरान कोंबड्या! तांबड्या, काळ्या, ठिपक्यांच्या, आणि दोन उघड्या मानेच्या ज्यांना पाहून वाटावं की कुणीतरी अर्धवट सोलून सोडून दिलंय.

"ह्या समद्या एका कोंबडीपास्नं केल्यात म्या," त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी मर, म्हणजे कोंबड्यांची साथ, आली होती, तेव्हा तीन दिवसांत खुराडं रिकामं झालं. एकच कोंबडी उरली, उघड्या मानेची. तिच्या खाली अंडी बसवून, पिल्लं घारीपासून राखून, कुठून कुठून कोंबडा आणून त्यांनी हे पुन्हा उभं केलं होतं. "पयल्यांदा मरल्या तवा म्या दोन दिस चूल पेटवली न्हाई. मानूस गेल्यावानी झालं व्हतं."

हे सांगता सांगताच त्यांनी माझं डालगं खुराड्याशेजारी ठेवलं. नव्या कोंबड्यांना एक रात्र घराची सवय लागू द्यायची, अशी तिथली पद्धत. आईने धाडलेल्या तलंगा पाहून त्यांचे डोळे पाणावले. चहा झाला, गप्पा झाल्या, सूर्य कलला, कोंबड्या एकेक करून खुराड्यापाशी गोळा होऊ लागल्या. तेवढ्यात विमलचा फोन आला.

"कुंदा, आईंनी तुझ्याबरोबर कोंबड्या दिल्या का गं? मला आत्ता सांगतायत त्या. आमच्या सहा मेल्या सकाळपासून. शेजारी परवाच लागली होती मर. मानमोडी आहे गं, माना वाकड्या करून पडल्यात."

ती भिंतीशी फुगून बसलेली कोंबडी डोळ्यांपुढे आली. खुडूक म्हणे! कपाळ माझं!

फोन ठेवून मी सिंधूताईंना सगळं एका दमात सांगून टाकलं. लपवावं असं क्षणभर मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या सदतीस कोंबड्या समोर खुराड्यात शिरत होत्या. सिंधूताईंनी डालगं उचललं, हात लांब धरून ते पार शेताच्या टोकाला रिकाम्या कांदाचाळीत ठेवून आल्या, परत येऊन हात राखेने घासले. मग म्हणाल्या, "आईला ठावं व्हतं. ठावं आसून तिनं मला धाडल्या. मला!"

तेव्हा मला या चालीचा अर्थ कळला. गावात मर लागली की ज्या कोंबड्या अजून धड दिसतात त्यांतल्या चांगल्या निवडायच्या आणि लेकीकडे, बहिणीकडे, पाहुण्याच्या हाती परगावी धाडायच्या. तेवढ्या तरी वाचतील. मर सरली की तिथूनच पुन्हा वाण आणायचं. बोलायचं मात्र नाही, कारण सांगितलं तर नेणार कोण? जिजींनी काही वाईट चिंतलं नव्हतं. सगळ्यांत चांगल्या चार त्यांनी सगळ्यांत लाडक्या माणसाकडे पाठवल्या होत्या.

सिंधूताईंनी त्या संध्याकाळी आईचा फोन तीनदा कापला.

कांदाचाळ

रात्रीच मी मंजिरीला फोन केला होता. सकाळी ती मोटारसायकलवर आली, खोक्यात बर्फ आणि लशीची बाटली घेऊन. शाळेत असताना ही पोरगी मागच्या बाकावर बसून आवळे खायची. आता तिने पाच मिनिटांत सगळ्या वस्तीला कामाला लावलं.

"बाई, तुम्ही काल कोंबड्या मांडीवर घेऊन आलात?"

"उराशी धरून."

"मग आता तुम्ही त्यांच्याच. त्या चौघींचं दाणापाणी तुम्ही करायचं, इकडच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. चाळीशेजारची खोली आहे, तिथे राहा. साडी, चपला, भांडं वेगळं. बसमध्ये कुणाला काही लागलं का?"

मी मान खाली घालून पत्रक पुढे केलं. तिने त्या उमेदवाराला तिथूनच फोन लावला आणि पँट गरम पाण्यात साबणाने धुवायला, आणि तोवर कोंबड्यांच्या जवळ जायचं नाही असं बजावलं. मग तो म्हणाला, "म्हंजी शकुन न्हवता तर."

सदतीसच्या सदतीस कोंबड्या धरून मंजिरीने एकेकीच्या डोळ्यात लशीचा थेंब टाकला. बाटली शंभर कोंबड्यांची असते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, म्हणून चार कोंबड्यांचा मालक कधी लस आणत नाही. मंजिरीने सगळ्या वस्तीच्या कोंबड्या गोळा केल्या. मी दूर बांधावर उभी राहून हे पाहत होते, वाळीत टाकल्यागत.

काम झाल्यावर ती बांधापाशी येऊन बसली, मधे दहा हात सोडून.

"वाचतील का गं?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी लस दिलेली आहे, ती थोडीफार धरून असेल. आजचे थेंब आठवड्याने कामाला येतील. काल दोन तासांत आजार शिरला असेल तर मात्र काही सांगता येत नाही. दहा-बारा दिवस थांबायचं."

मला गप्प बसवेना. "पण मंजिरी, मी तुम्हाला शिकवलं होतं ना, की शहाणा जंतू आपल्या यजमानाला मारत नाही. घर जाळलं तर भाडेकरू राहणार कुठे? रोग जुना झाला की सौम्य होतो. ही मानमोडी तर किती जुनी. मग अजून अशी का मारते?"

मंजिरी हसली. "बाई, तेवढं एक तुम्ही चुकीचं शिकवलंत."

एकतीस वर्षांत मला असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. बांधावर बसून, शेणाच्या वासात, ते ऐकून घेतलं.

"जंतूला कसलं शहाणपण? उद्याचा विचार त्याला नसतो," ती म्हणाली. "जो जास्त पसरतो तोच उरतो, एवढंच. आता बघा, जो जंतू कोंबडीच्या अंगात दाणकन वाढतो, तो तिच्या शेणातून, शेंबडातून खूप बाहेर पडतो. पण ती दोन दिवसांत आडवी होते. जो बेताने वाढतो तो थोडा बाहेर पडतो, पण कोंबडी चार उकिरडे हिंडत राहते. दोघांत कोण जिंकणार ते पुढची कोंबडी किती लांब आहे त्यावर ठरतं. तुमच्या कोकणात एक घर या डोंगरावर, एक त्या. तिथे पडलेली कोंबडी तिथेच संपते, तिचा जंतूही तिच्याबरोबर संपतो. इथे काय होतं? एक कोंबडी पडली की माणूस बाकीच्या उचलतो आणि एसटीने दुसऱ्या तालुक्यात नेतो. हिंडायचं काम कोंबडीचं होतं, ते माणसानं केलं. मग तिला मारण्यात जंतूचं काय नुकसान?"

"म्हणजे मी त्याचे पाय झाले."

"तुम्ही, मोटारसायकलवाले, बाजारात आजारी कोंबडी स्वस्तात विकणारे, मेलेली ओढ्यात टाकणारे. आणि हजारोंच्या शेडमध्ये तर पुढची कोंबडी वीतभरावर असते, तिथे पायांचीसुद्धा गरज नाही. आपल्या तालुक्यातली मानमोडी यामुळेच कडक झाली, असं मी शपथेवर सांगणार नाही बाई. पण गणित असं चालतं."

मी शेवटचा बाण काढला. "आणि ऑस्ट्रेलियातले ससे?"

ते ससे मी दर वर्षी शिकवायचे. ससे फार माजले म्हणून तिथे मुद्दाम त्यांचा रोग सोडला. सुरुवातीला जवळजवळ सगळे मेले, पुढे काही वर्षांत रोग सौम्य झाला. इथे माझा तास संपायचा.

"पुढचं सांगितलं नाहीत तुम्ही. तो मधेच थांबला. फार सौम्य झाला असता तर सशाच्या अंगावरचे फोड लवकर सुकले असते, मग डासांनी रोग नेला कुठून असता? म्हणून मारणारा, पण सावकाश मारणारा, असा टिकला. पुढे ससे दणकट झाले तसा रोगही पुन्हा कडक झाला. सौम्य होणं हा काही रस्त्याचा शेवट नाही." मग तिने रिकामी बाटली दाखवली. "आणि सौम्य हवीच असेल तर ही घ्या. ही लस म्हणजे मानमोडीचीच गरीब चुलत बहीण. नुसती शिंकायला लावते. दोघी बहिणी जगतायत, आपापल्या जागी."

ती गेल्यावर मी मनातल्या मनात एकतीस वर्षांच्या सगळ्या वर्गांची माफी मागितली. मग कोंबड्यांना पाणी ठेवायला गेले.

बांधाच्या दोन बाजू

घर सोडल्यापासून सहाव्या दिवशी पहिली तलंग मलूल झाली. सातव्या दिवशी सकाळी तिची मान फिरलेली होती, दुपारी ती गेली. हात-दीड हात खोल खड्डा मी माझ्या हाताने खणला, चुना टाकून पुरली. माझा एक डोळा लाल होऊन चुरचुरत होता. मंजिरी फोनवर म्हणाली, माणसाला मानमोडीने एवढंच होतं, डोळे धुवा, चार दिवसांत जाईल. जेवण मला बांधावर झाकून ठेवलेलं मिळायचं. भाकरी, पावट्याची आमटी, लसणाचा ठेचा. सिंधूताई ठेवून जायच्या आणि दुरूनच ओरडायच्या, "गरम हाय, खावा!" त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागत होतं.

आठव्या दिवशी सकाळी दुसरी गेली. मी खड्डा बुजवून सरळ झाले तर अंगणात गडबड दिसली. शेजारचे आबा, वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे, खाटेवर बसून हातवारे करत होते. दारात मोटारसायकल उभी, आणि सिंधूताई डालग्यात कोंबड्या भरत होत्या. पाय बांधून, एकेक करून. त्यांची लेक घोडनदीपलीकडे दिली होती, तिच्याकडे पाठवायला.

मला अंगणात जायची बंदी. मी बांधावर उभी राहून, चपला चुन्याने माखलेल्या, जिवाच्या आकांताने ओरडले, "सिंधूताई! काय करताय?"

"बारा धाडते! बारा तरी वाचतील! तकडं दोन गेल्या न्हवं?"

"इकडच्या एकीला काही झालेलं नाही! आत शिरलाच असेल तर तुम्ही तो पोरीच्या दारात नेऊन ठेवताय!"

"मास्तरीणबाई," आबा तिथून गरजले, "आमच्या बापजाद्यापास्नं आसंच करत आलोय! घरातलं समदं एका जागी जळू द्यावं का?"

मी जंतूचं ओरडून सांगितलं, सशांचं ओरडून सांगितलं. वाऱ्यावर पंचवीस पावलांवरून ऑस्ट्रेलियातले ससे काय कप्पाळ पोचणार! सिंधूताई भरतच होत्या. सातवी कोंबडी डालग्यात गेली. माझा घसा बसला, रडू यायला लागलं, आणि मग जे तोंडात आलं ते बोलले.

"धाडा मग! पण आधी लेकीला फोन करा! सांगा तिला, चाळीत दोन मेल्या म्हणून! खरं सांगा आणि धाडा!"

सिंधूताई थांबल्या. त्यांच्या हातात ती उघड्या मानेची कोंबडी होती, पाय बांधायला घेतलेली. मोटारसायकलवाला पोरगेला जावई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"आगं, सिंधू," आबा हळू आवाजात म्हणाले, "आसं सांगितलं तर ती घील का?"

"न्हाई घ्यायची, आबा," त्या म्हणाल्या. "आन् न्हाई सांगितलं, तर म्या बी माज्या आईवानीच की."

त्या खाली बसल्या आणि सातही कोंबड्यांचे पाय सोडले. सोडताना रडत होत्या, मोठ्याने, लपवाछपवी न करता. "मरायच्या त्या हितंच मरू द्या माज्या दारात," त्या म्हणाल्या. जावयाला त्यांनी चहाही न देता परत धाडलं, आणि जाताना त्याच्या गाडीच्या चाकांवर बादलीभर चुन्याचं पाणी ओतलं. आबा उठून गेले ते दोन दिवस बोलले नाहीत.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सांगितलं मी, ऐकलं त्यांनी, आणि उद्या सदतीसच्या सदतीस पडल्या तर? जीवशास्त्र बरोबर ठरलं म्हणून काय सिंधूताईंचं अंगण भरणार होतं?

मोजणी

त्यापुढचे दिवस सगळे एका घटकेभोवती फिरायचे. पहाटे तांबडं फुटलं की सिंधूताई खुराड्याची फळी काढायच्या आणि मी बांधावरून कान देऊन ऐकायचे. त्या मोठ्याने मोजायच्या. एक, दोन, तीन. वीसच्या पुढे आवाज बारीक व्हायचा. तिसाच्या पुढे मी श्वास धरायचे. "सदतीस!" की मग आम्ही दोघी आपापल्या बाजूला तोंड धुवायला जायचो.

नवव्या दिवशी माझ्याकडची तिसरी आजारी पडली. दहाव्या दिवशी अंगणातली एक काळी कोंबडी शिंकली, तसा मी लगेच फोन लावला. मंजिरी म्हणाली, लशीनेसुद्धा शिंका येतात, बघा दोन दिवस. बघितलं. काळी दोन दिवस शिंकली आणि तिसऱ्या दिवशी तिने अंडं घातलं. ते अंडं सिंधूताईंनी मला दुरून हात उंच करून दाखवलं.

माझी तिसरी तलंग मरता मरता राहिली. मान कायमची वाकडी झाली, दाणा टिपताना चार वेळा चुकते, पाचव्यांदा साधते. चौथीला काहीही झालं नाही. का नाही, ते मंजिरीलाही सांगता येईना.

पंधराव्या दिवशी मंजिरी आली. सगळ्या कोंबड्या एकेक करून पाहिल्या, डोळे, चोच, शेण. मग उभी राहून म्हणाली, "ह्या सुटल्या. चाळीतल्या दोघी अजून महिनाभर वेगळ्याच ठेवायच्या. आणि महिनाभर या अंगणातून कोंबडी नाही, अंडं नाही, पीससुद्धा बाहेर जाणार नाही."

मला हात-पाय घासून अंघोळ करायला लावून, स्वच्छ साडी नेसवून बारा दिवसांनी अंगणात घेतलं. मला वाटलं होतं आपण काहीतरी नीट बोलू. तोंडातून हुंदकाच आला. सिंधूताईंनी मला घट्ट धरलं. "गप वो बाई, गप. हायत समद्या. बगा की, हायत." आबासुद्धा येऊन खाटेवर बसले आणि कुणाकडे न पाहता म्हणाले, "माज्या बी वाचल्या." आयुष्यात इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

निघायच्या आधी सिंधूताई अस्वस्थ झाल्या. माहेरचं माणूस आणि रिकाम्या हाताने जाणार! अंडी द्यायची नाहीत, कोंबडी द्यायची नाही, आणि अंगणात वाळत घातलेल्या जुन्या ज्वारीवर कोंबड्या बागडलेल्या, म्हणून तीही नाही. "काय बी देत न्हाई बगा तुमास्नी," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसायला लागलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग त्यांनी फोन उचलला. बारा दिवसांत आईशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. विमलकडून आम्हाला कळत होतं, की जिजींच्या खुराड्यात एकही उरली नाही आणि त्या जेवताना ताटावरून उठून जातात. सिंधूताईंनी फोन खाटेवर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे विमलने फोन जिजींकडे दिला असावा. कुणी नाव घेतलं नाही, कुणी जयभीम म्हटलं नाही.

"किती?" जिजींचा आवाज आला.

"समद्या हायत, आई," सिंधूताई म्हणाल्या. "सदतीस."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा. मग जिजी म्हणाल्या, "मंग दे आता मला शिव्या."

आणि सिंधूताईंनी दिल्या. बांधाच्या पलीकडे ऐकू जाईल अशा, जन्मापासूनच्या, नाव घेऊन, एकही न चुकवता. मधेच जिजी तिकडून म्हणायच्या, "व्हय, व्हय, ही बी बरूबर हाय," आणि पुढची सुरू व्हायची. मी आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं, कारण ते काही लवकर संपणारं नव्हतं.